मेंदूला वीज देऊन काढलेल्या नकाशावर कितपत विसंबावे?

पाणवठा (धागाकर्ता)

माझ्या धाकट्या बहिणीला बाराव्या वर्षापासून अपस्मार आहे आणि आता ती एकतीस वर्षांची आहे. चार औषधे निरनिराळ्या प्रमाणांत घेऊन झाली, तरी महिन्याला तीन-चार फिट येतातच. फिट येण्याआधी काही सेकंद तिला समोरच्याचे बोलणे ऐकू येते, पण त्याचा अर्थ लागेनासा होतो, आणि मग तिचे भान जाते. एमआरआयमध्ये ठळक असे काही सापडले नाही. व्हिडिओ ईईजीवरून (चित्रीकरणासह घेतलेली मेंदूतल्या विजेची नोंद) फिटची सुरुवात डाव्या कानशिलाच्या आसपास होते, एवढे मात्र कळले.

आता डॉक्टरांनी सुचवले आहे की कवटीच्या आत इलेक्ट्रोड बसवून आठ-दहा दिवस नोंद घ्यावी, आणि नंतर त्याच इलेक्ट्रोडमधून थोडी थोडी वीज सोडून भाषेच्या जागा शोधाव्यात. कुठले ऊतक काढायचे, किंबहुना काढायचे की नाही, हे त्यानंतरच ठरेल. बहीण अनुवादक आहे आणि दोन भाषांवर तिचा चरितार्थ चालतो, त्यामुळे तिची भीती शस्त्रक्रियेपेक्षा शब्दांची अधिक आहे.

ज्या मेंदूत आधीच विजेचा गोंधळ चालू आहे, त्याला बाहेरून आणखी वीज देऊन काढलेला नकाशा खरा कसा मानायचा, हे मला कळत नाही. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तारयंत्र

मी बरीच वर्षे अपस्मार विभागात ईईजी तंत्रज्ञ म्हणून काम करतो आहे. निर्णय डॉक्टर घेतात, त्यामुळे मी फक्त खोलीत काय घडते ते सांगतो.

इलेक्ट्रोड दोन प्रकारचे असतात. मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवायची ग्रिड ही पातळ, लवचीक पट्टी असते आणि तिच्यावर साधारण एकेक सेंटिमीटर अंतरावर धातूच्या टिकल्या असतात. दुसरा प्रकार म्हणजे कवटीला बारीक छिद्रे पाडून खोल सोडलेल्या, जेमतेम ०.८ मिलिमीटर जाडीच्या सळया; यालाच स्टिरिओ ईईजी म्हणतात. फिटची पुरेशी नोंद झाली आणि औषधे पुन्हा सुरू केली की मग नकाशाचे काम हाती घेतात.

शेजारच्या दोन टिकल्यांमधून वीज सोडतात. बहुतेक ठिकाणी सेकंदाला ५० स्पंदे असतात, प्रत्येक स्पंद सेकंदाच्या एक हजारांश भागापेक्षाही लहान असतो, आणि एका वेळी साधारण पाच सेकंद वीज चालू राहते. सुरुवात १ मिलिअँपिअरपासून करून ती पायरीपायरीने वाढवतात. ग्रिडवर १० ते १५ मिलिअँपिअरपर्यंत जावे लागते, खोल सळयांवर बऱ्याच कमीत काम भागते. मेंदूच्या ऊतकाला स्वतःची वेदना नसते, त्यामुळे वीज दिलेली रुग्णाला सहसा कळतही नाही. मेंदूवरील आवरणाला मात्र वेदना असते, आणि एखादी टिकली त्याच्या मज्जातंतूजवळ असेल तर चमक येऊ शकते.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पडद्यावर कंगव्याचे चित्र होते. बाई म्हणाल्या, "हा... हा... ते आपलं...", आणि हाताने केस विंचरून दाखवू लागल्या. वस्तू काय आहे, तिचा उपयोग काय, हे त्यांना पूर्ण ठाऊक होते. मी बटण सोडले आणि त्याच क्षणी त्या जवळजवळ ओरडल्या, "कंगवा! अहो, कंगवा!" ती जागा आम्ही नकाशावर तांबड्या रंगाने नोंदवली.

अशी जागा सापडली की लगेच खातरजमा करावी लागते. जीभच आखडली असेल तर ते भाषेचे लक्षण नव्हे, म्हणून जीभ हलवायला, आकडे मोजायला सांगून पाहतात. अधूनमधून वीज न देताच चित्र दाखवतात, कारण थकल्यामुळेही शब्द अडतो. एकाच जागेवर तोच परिणाम पुन्हा मिळाला, तरच तो ग्राह्य धरतात.

शंकासुर

माहिती उत्तम आहे, परंतु मूळ मुद्दा तसाच राहतो. फंक्शनल एमआरआय उपलब्ध असताना कवटी उघडायची गरजच काय? माणूस यंत्रात पडून शब्द आठवतो आणि भाषेच्या जागा पडद्यावर रंगीत होऊन दिसतात. शंभर वर्षांपूर्वीची पद्धत केवळ सवयीने चालू ठेवली आहे, अशी मला शंका येते, आणि शंका घेणे हे माझे नावच आहे.

शब्दवेडी

शंकासुर यांची शंका रास्त आहे, आणि वाचाशास्त्राचे शिक्षण घेताना मलाही ती आली होती. (आज मी अपस्माराच्या रुग्णांच्या भाषाचाचण्या घेते.)

फंक्शनल एमआरआय मेंदूत कुठे रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलले ते दाखवते, म्हणजे त्या कामात कोण कोण सहभागी झाले ते सांगते. कोणावाचून काम अडेल, हे ते सांगू शकत नाही. नाटकाच्या प्रयोगाला विंगेत पंधरा माणसे धावपळ करताना दिसतात, पण त्यांतले कोण आजारी पडले तर प्रयोग रद्द करावा लागेल, हे धावपळ मोजून कळत नाही. त्यासाठी एकेकाला थोडा वेळ बाजूला बसवून पाहावे लागते. विद्युत उद्दीपन नेमके तेच करते. भाषेच्या बाबतीत वीज शब्द निर्माण करत नाही, ती त्या जागेचे चालू काम काही सेकंद मोडते.

भाषा कोणत्या बाजूला आहे एवढेच विचारायचे असेल तर फंक्शनल एमआरआय पुष्कळदा पुरते. त्याआधी यासाठी वाडा चाचणी होती. जुन वाडा यांनी १९४९ मध्ये ती मांडली, आणि तिच्यात एका बाजूच्या रोहिणीत झोपेचे औषध सोडून अर्धा मेंदू काही मिनिटे निजवतात. तिच्यातूनही बाजूच कळते, जागा कळत नाही. इथे प्रश्न सेंटिमीटरचा आहे.

इतिहासखोर

"शंभर वर्षांपूर्वीची पद्धत" हे खरे म्हणजे कमीच सांगितले आहे. १८७० मध्ये बर्लिनमध्ये गुस्टाव्ह फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग यांनी कुत्र्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य वीज देऊन दाखवले की ठरावीक जागेला वीज दिली की विरुद्ध बाजूचे ठरावीक स्नायू हलतात. तोवर मेंदूचा पृष्ठभाग विजेला दाद देत नाही, असे मोठमोठे लोक मानत असत. त्यानंतर डेव्हिड फेरिअर यांनी माकडांवर असेच प्रयोग केले.

माणसावरचा पहिला प्रसिद्ध प्रयोग सांगताना मात्र लाज वाटते. १८७४ मध्ये सिनसिनाटीच्या रॉबर्ट्स बार्थोलो यांनी, जखमेने कवटी खाऊन टाकलेल्या एका गरीब बाईच्या मेंदूत सुया खुपसून वीज सोडली आणि तिला आचके येईपर्यंत वाढवत नेली. पुढे काही दिवसांतच ती गेली. तिच्या उपचाराशी त्या प्रयोगाचा काहीही संबंध नव्हता. त्यांच्यावर त्या काळीही कडाडून टीका झाली आणि त्यांना खेद व्यक्त करावा लागला.

अपस्माराच्या उपचाराशी या पद्धतीची खरी सांगड नंतर पडली. १९०९ मध्ये हार्वी कुशिंग यांनी अपस्माराच्या दोन जाग्या रुग्णांत मधल्या खाचेमागच्या भागाला वीज दिली, तेव्हा हात हलला नाही, फक्त हाताला संवेदना जाणवली. म्हणजे हालचालीची पट्टी पुढे आणि संवेदनेची मागे, हे माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितले. ब्रेस्लाऊचे ओटफ्रिड फोर्स्टर जागेवरची भूल देऊन अपस्माराचे व्रण काढत असत. १९२८ मध्ये वाइल्डर पेनफिल्ड त्यांच्याकडे शिकून गेले आणि १९३४ मध्ये त्यांनी माँट्रिअल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभारली. जिथे प्रतिसाद मिळेल तिथे ते मेंदूवर आकडा लिहिलेला कागदाचा चिमुकला तुकडा ठेवत आणि रुग्ण काय म्हणाला ते नोंदवून घेत. एडविन बोल्ड्री यांच्यासह १९३७ मध्ये त्यांनी अशा १६३ शस्त्रक्रियांमधील नोंदी एकत्र छापल्या.

एक गोष्ट सांगावी की नाही, असा मला प्रश्न पडला होता, पण पाणवठा यांचा धागा बहिणीविषयीचा आहे म्हणून सांगतो. पेनफिल्ड यांच्या बहिणीलाही तरुणपणापासून फिट येत असत आणि १९२८ च्या अखेरीस त्यांनीच तिची शस्त्रक्रिया केली. तिला मेंदूची गाठ होती, त्यामुळे आपल्या बहिणीच्या आजाराशी त्याची तुलना करू नये. उजव्या पुढच्या खंडाचा मोठा भाग काढूनही तिचे बोलणे, स्मरण, स्वभाव शाबूत होता. पण पाहुण्यांसाठी चार पदार्थांचे जेवण एका वेळी तयार करणे तिला जमेना. कोणता भाग काढल्यावर नेमके काय जाते, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसतो.

निद्रानाश

बार्थोलो यांच्याविषयी रात्री दीड वाजता वाचले. आता नावाला जागणे भाग आहे.

शंकासुर

पेनफिल्ड यांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या टेपरेकॉर्डरचेही बोलू. मेंदूच्या एका ठिकाणी वीज दिली की जुनी आठवण जशीच्या तशी वाजू लागते, म्हणून आपल्या आयुष्याचा प्रत्येक क्षण आत नोंदलेला असतो, असे त्यांच्या नावावर सर्रास सांगितले जाते. ज्या पद्धतीतून अशा कथा निघतात, तिच्यावर भाषेसारख्या गंभीर बाबतीत विश्वास का ठेवावा?

इतिहासखोर

कथा आणि नोंदी यांत फरक करायला हवा. फानोर पेरो यांच्याबरोबर १९६३ मध्ये त्यांनी जो मोठा आढावा छापला, त्यात टेम्पोरल लोबची, म्हणजे कानशिलाच्या आतल्या मेंदूच्या खंडाची, तपासणी झालेल्या ५२० रुग्णांपैकी ४० जणांनाच असे अनुभव आले होते. त्यांतही ओळखीचे गाणे, कोणाचा तरी आवाज, स्वप्नासारखा तुटक देखावा असेच पुष्कळ होते. पडताळता येईल अशी सलग आठवण क्वचितच. काहींचे अनुभव तर त्यांच्या नेहमीच्या ऑरासारखेच, म्हणजे फिटच्या सुरुवातीच्या जाणिवेसारखेच, होते. म्हणजे निरीक्षण खरे होते, त्यावर चढवलेला "सारे काही नोंदलेले असते" हा मजला कच्चा निघाला.

आजीचा_चष्मा

तो भले मोठे ओठ आणि भला मोठा अंगठा असलेला विचित्र बाहुला याच पेनफिल्डांचा ना? शाळेच्या पुस्तकात पाहून मी आठवडाभर आरशात स्वतःचा अंगठा मोजत होते.

इतिहासखोर

त्यांचाच. १९३७ च्या लेखात तो पहिल्यांदा आला आणि १९५० च्या ग्रंथात त्याची अधिक प्रसिद्ध आवृत्ती आली. चित्रे श्रीमती कँटली यांनी काढली होती. मात्र तो बाहुला कोणाही एका माणसाच्या मेंदूचा नकाशा नव्हे, अनेकांच्या नोंदींतून केलेले ते एकत्रित चित्र आहे. २०२३ मध्ये फंक्शनल एमआरआयच्या आधारे दाखवण्यात आले की हात, पाय आणि तोंड यांच्या पट्ट्यांमध्ये संपूर्ण शरीराच्या हालचालींची आखणी करणाऱ्या जागाही आहेत. बाहुल्याच्या अंगात मध्ये मध्ये शिवणी निघाल्या म्हणा ना.

जुना_रुग्ण

मी स्वतः या तपासणीतून गेलो आहे, म्हणून मला जे आठवते ते लिहितो. ग्रिड बसवल्यानंतर पहिले दोन दिवस डोके ठणकत होते आणि एका बाजूचा डोळा सुजून बंद झाला होता. हे आधी कोणी सांगितले असते तर आईचा जीव इतका घाबरला नसता. नंतर फिट यावी म्हणून औषधे कमी केली. आयुष्यभर जी टाळायची ती आता यावी म्हणून वाट पाहत बसणे हा प्रकार फार चमत्कारिक असतो. सहा दिवसांत चार आल्या.

नकाशाचे काम दोन दिवस, रोज तीन-एक तास चालले. पहिल्यांदा माझा उजवा अंगठा आत वळला. मी वळवला नव्हता. तो दुखलाही नाही, पण "हा माझा आहे ना?" असे मी त्याच्याकडे पाहून मोठ्याने विचारले आणि खोलीतले सगळे हसले. नंतर एका जागी मी आकडे मोजत असताना बारावर थांबलो. थांबलो हे मला कळत होते, पुढे तेरा आहे हेही कळत होते, फक्त तेरा तोंडापर्यंत येत नव्हता. भीती वाटण्याइतका वेळच मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी एका जागेवर वीज दिल्यावर मला मोठी फिट आली आणि ती संध्याकाळ वाया गेली.

माझी एक तक्रार अजून आहे. चित्रांचा संच परक्या भाषेतून जसाच्या तसा उचललेला होता. त्यातल्या काही वस्तू मी कधी पाहिल्याच नव्हत्या, आणि माझी चाचणी माझ्या दुसऱ्या भाषेत घेतली, कारण तपासणाऱ्यांना ती सोयीची होती. घरी मी जी भाषा बोलतो तिला त्या नकाशात जागाच मिळाली नाही. सुदैवाने पुढे काही बिघडले नाही, पण ते सुदैवच होते.

पाणवठा

जुना_रुग्ण, इतके मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आपले मनापासून आभार. विजेमुळे आलेल्या त्या फिटने नकाशा बिघडतो का? आणि ती धोक्याची असते का?

तारयंत्र

विजेमुळे फिट येणे ही या तपासणीतली ज्ञात जोखीम आहे, म्हणूनच सलाइनची सुई आधीच लावलेली असते आणि लोराझेपामसारखे फिट थांबवणारे औषध हाताशी भरून ठेवलेले असते. बहुधा फिटच्या आधी आम्हाला पडद्यावर आफ्टरडिस्चार्ज दिसतात. वीज बंद केल्यावरही त्या जागेच्या पेशी काही सेकंद तालात धडधडत राहतात, त्याला हे नाव आहे. ते दिसले की आम्ही थांबतो. कधी त्याच जागी विजेचा एक अगदी छोटा झटका दिला की ती धडधड मोडते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मेंदू उघडा असेल तर थंड सलाइन ओतून ती शमवतात.

नकाशाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की आफ्टरडिस्चार्ज चालू असताना शब्द अडला तर ती नोंद रद्द धरावी लागते, कारण धडधड शेजारच्या जागांत पसरलेली असू शकते आणि नेमके कोण अडले ते सांगता येत नाही. आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. मेंदूत आधीच गोंधळ आहे हे गृहीत धरूनच काम चालते, आणि म्हणून उद्दीपनाच्या सबंध काळात ईईजीवर नजर ठेवणारे माणूस वेगळे असते.

उलट एका गोष्टीचा फायदाही होतो. वीज दिल्यावर रुग्ण म्हणाला की "हे माझ्या नेहमीच्या फिटसारखेच सुरू झाले", तर फिटच्या उगमाविषयी तो एक दुवा असतो. आपल्या बहिणीच्या बाबतीत बोलण्याचा अर्थ न लागण्याची ती जाणीव वीज दिल्यावर कुठे उमटते, हे डॉक्टर नक्की पाहतील.

मौनी

मी सहसा लिहीत नाही, पण धाग्याचा सूर फार आश्वासक होतो आहे असे वाटले म्हणून लिहितो. माझ्या भावाच्या नकाशात काढायच्या भागावर भाषेची एकही जागा सापडली नव्हती. तो भाग काढला. फिट थांबल्या, त्याला आता सहा वर्षे झाली. पण पहिले आठ-नऊ महिने त्याला माणसांची नावे सापडत नसत. शेजाऱ्याला तो "ते वरचे" म्हणे. आजही थकला की अडखळतो. काही सापडले नाही याचा अर्थ तिथे काही नव्हते असा होत नाही, हे आम्हाला कोणी बजावून सांगितले नाही.

तरीही पुन्हा विचारले तर तो शस्त्रक्रियेला होच म्हणेल, हेही सांगितले पाहिजे.

शब्दवेडी

मौनी यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे, असे मला वाटते. उद्दीपनाने सापडलेली जागा आणि न सापडलेली जागा यांचे वजन सारखे नसते. एका बैठकीत आपण दोन-तीनच कामे तपासतो. चित्राचे नाव सांगणे हे त्यांतले एक, आणि वर्षानुवर्षे तेच मुख्य राहिले आहे. जे विचारलेच नाही त्याचे उत्तर नकाशात येत नाही. उलटही घडते: टेम्पोरल लोबच्या तळाशी वीज दिल्यावर नाव सांगणे अडते, पण तो भाग काढल्यावर पुष्कळांची भाषा बऱ्यापैकी सावरते. म्हणून तांबडी खूण म्हणजे मनाईचा फलक आणि पांढरी जागा म्हणजे मोकळे रान, असे सरळ गणित मांडता येत नाही.

पाणवठा यांच्या बहिणीसाठी मी एक गोष्ट आग्रहाने सांगेन. चित्र न दाखवता, तोंडी वर्णन ऐकवून नाव विचारणारी चाचणीही व्हावी, उदाहरणार्थ, "राजा डोक्यावर घालतो ते काय?" मार्ला हॅम्बर्गर यांच्या अभ्यासात असे आढळले की ऐकून नाव सांगण्याच्या जागा टेम्पोरल लोबच्या पुढच्या भागात अधिक असतात आणि चित्र पाहून नाव सांगण्याच्या मागच्या भागात. टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियेत बहुधा पुढचाच भाग काढतात. नुसती चित्रे दाखवून थांबलो, तर जो भाग कापायचा त्यालाच योग्य प्रश्न विचारायचा राहून जातो. शिवाय आपल्या बहिणीची फिट ऐकलेल्याचा अर्थ हरवण्यापासूनच सुरू होते.

दोन भाषांविषयी सांगायचे तर, १९७८ मध्ये जॉर्ज ओजेमान आणि हॅरी व्हिटेकर यांनी दोन द्विभाषक रुग्णांत दाखवले की काही जागांवर दोन्ही भाषा अडतात, तर काही जागांवर एकच. ओजेमान यांनीच १९८९ मध्ये ११७ रुग्णांच्या नोंदी छापल्या, आणि त्यात भाषेच्या जागा माणसागणिक इतक्या वेगळ्या निघाल्या की भाषेच्या दोन ठरावीक जागा दाखवणाऱ्या, पुस्तकातल्या ब्रोका आणि वेर्निके यांच्या चित्रावरून चाकू चालवणे धाडसाचे ठरावे. जुना_रुग्ण यांची तक्रार म्हणूनच शंभर टक्के योग्य आहे. दोन्ही भाषांत तपासणी मागणे हा हट्ट नव्हे.

शंकासुर

मी अर्धी माघार घेतो. पण वीज न देता, त्याच इलेक्ट्रोडवर नुसते ऐकत राहून नकाशा काढता येतो असेही वाचले आहे. मग फिटची जोखीम तरी का घ्यावी?

तारयंत्र

येतो. माणूस बोलत असताना त्या त्या जागी ७० हर्ट्झच्या वरचे जलद तरंग वाढतात, ते मोजतात. त्याला फिटचा धोका नाही, वेळ कमी लागतो, आणि जी लहान मुले तासभर बसू शकत नाहीत त्यांच्यासाठी ते फार सोयीचे आहे. पण पुन्हा शब्दवेडी यांची विंगच आठवा: धावपळ कोणाची चालली आहे ते कळते, कोणावाचून अडेल ते नाही. आमच्याकडे आधी हे ऐकून घेतात आणि मग वीज कुठे द्यायची त्या जागा कमी करतात. भांडण लावण्यापेक्षा ते बरे.

निद्रानाश

वीज देऊन माणसाला हसवता येते, असे ऐकले होते. ते खरे आहे की व्हॉट्सअॅप विद्यापीठ?

इतिहासखोर

खरे आहे. १९९८ मध्ये इत्झाक फ्रीड आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या तपासणीतल्या एका सोळा वर्षांच्या मुलीविषयी लिहिले. मेंदूच्या पुढच्या भागातील एका छोट्या पट्ट्यात वीज दिली की ती हसे. कमी विजेला स्मित, जास्तीला खळखळून. गंमत अशी की का हसलीस असे विचारल्यावर तिच्याकडे दर वेळी कारण तयार असे: कधी समोरचे चित्र, कधी वाचत असलेला मजकूर, कधी भोवती उभी असलेली माणसे. हसू विजेने आले होते, कारण तिने स्वतः जोडले. रुग्णाचे म्हणणे शब्दशः नोंदवायचे, पण त्याने दिलेले कारण वेगळ्या रकान्यात ठेवायचे, ही खबरदारी इथून समजते.

आजीचा_चष्मा

आमच्या घरी तर वीज न देताही लोक कारणे तयार ठेवतात.

मौनी

शस्त्रक्रियेचा लाभ किती, हा आकडा धाग्यात अजून आलेला नाही. टेम्पोरल लोबच्या अपस्मारात २००१ मध्ये ८० रुग्णांची चिठ्ठी टाकून केलेली तुलना प्रसिद्ध झाली होती. वर्षभरानंतर, भान घालवणाऱ्या फिटपासून मुक्त असलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के आणि केवळ औषधांच्या गटात ८ टक्के होते. एमआरआयमध्ये काही दिसत नसेल तर यशाची शक्यता एरवीपेक्षा कमी असते, हे पाणवठा यांनी डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्यावे. दोन योग्य औषधे पुरेशा प्रमाणात घेऊनही फिट थांबल्या नाहीत तर अपस्मार औषधांना दाद न देणारा समजतात. आमच्या भावाने सहा औषधांत चौदा वर्षे घालवली, त्याचे मला नकाशापेक्षा जास्त वाईट वाटते.

पाणवठा

सर्वांचे प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवले. काल न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे पहिली बैठक झाली आणि शब्दवेडी यांनी लिहिलेले सर्व प्रश्न मी कागदावर नेले होते. तपासणी दोन्ही भाषांत होईल, आणि ऐकून नाव सांगण्याची चाचणीही घेतील. ग्रिडऐवजी खोल सळया वापरायचे ठरते आहे. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचे प्रमाण त्यांत कमी असते, पण सळ्या जिथे जात नाहीत तिथल्या पृष्ठभागाविषयी काही कळत नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितले. मौनी यांचा मुद्दा विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या की काही न सापडलेल्या जागेची हमी त्या कधीच देत नाहीत.

आधी साध्या स्थितीत १२० चित्रे दाखवली. ज्यांचे नाव ती न अडखळता, चटकन सांगते तीच ठेवायची, म्हणजे पुढे वीज चालू असताना अडली तर ते विजेमुळेच, असे धरता येईल. ८७ चित्रे उरली. एका चित्राला त्यांच्या यादीत "कढई" असे नाव होते, आणि बहिणीने ते "परात" आहे असे सांगून यादी दुरुस्त करायला लावली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "जाग्या माणसाला विचारून काम करतात, म्हणजे निदान वाद तरी घालता येईल."

शब्दवेडी

यादी दुरुस्त करणारी रुग्ण मिळाली तर आमचे काम निम्मे होते. त्यांच्या रोजच्या कामातले दोन-तीन छोट्या उताऱ्यांचे अनुवादही चाचणीत घेता येतील का, ते विचारून पाहा. एका भाषेतून दुसरीत जाणे हे नाव सांगण्यापेक्षा वेगळे काम आहे, आणि काही ठिकाणी ते तपासतात.

जुना_रुग्ण

सोबत पुढून बटणे असलेले सैल सदरे घ्या. डोक्यावरच्या पट्टीवरून आणि वायरींवरून गळ्यातून घालायचा कपडा चढत नाही, आणि हे मला तिथे गेल्यावर कळले.

पाणवठा

नोंद घेतली. तारीख मिळाली की इथेच कळवतो.